मोरचूद

कमलिनी मेंढ्यांच्या वाडग्यात शिरली तेव्हा बाकीच्या सगळ्या दाराशी लोटालोटी करत होत्या. एक मेंढी मात्र मागच्या कुडाला डोकं टेकून उभी होती. कमलिनीनं हाक मारली, जीभ टाळ्याला लावून चुचकारलं. मेंढीचा कानही हलला नाही. मग तिनं मागचे पाय थोडे फाकले आणि मुतली. खाली भुसा होता. त्यावर पडलं ते काळ्या चहासारखं होतं, मध्ये लाल झाक असलेलं.

कमलिनी खाली बसली. तिनं मेंढीच्या डोळ्याखालची कातडी अंगठ्यानं ओढून पाहिली. एरवी तिथं गुलाबी दिसतं. आज हळद चोळल्यासारखं पिवळं होतं.

"अहो, इकडं या जरा," तिनं हाक दिली.

मनोहर बाहेर तारेचं बंडल सोडवत होता. तो आला, वाकून पाहिलं, भुशावरचा डाग पायानं उकरला.

"हिनं काही खाल्लंय," तो म्हणाला. "नाहीतर खिलवलंय कोणीतरी."

दुपारपर्यंत ती मेंढी मेली. दुसऱ्या दिवशी दोन मेल्या.

अवधपुरीच्या कॉलन्या मागे टाकून रस्ता कच्चा होतो, तिथं या दोघांचं दोन खोल्यांचं घर होतं. मनोहरचे वडील नागपूरहून सरकारी हापिसाबरोबर भोपाळला आले, शिपाई म्हणून. रिटायर झाल्यावर त्यांनी ही जागा घेतली आणि पाच मेंढ्या आणल्या. हापिसात चाळीस वर्षं फायली वाहिल्या, आता आपल्या बापजाद्यांचं काहीतरी हातात असू दे, असं म्हणायचे. त्या पाचाच्या चौतीस झाल्या. घर स्वतःचं होतं, पण वाडगं मागच्या मोकळ्या जमिनीवर होतं. ती जमीन कोणाची हे इतकी वर्षं कोणी विचारलं नाही. या हिवाळ्यात एका बिल्डरनं ती घेतली, खांब रोवले आणि सोमवारी जेसीबी येणार म्हणून निरोप दिला.

त्यामुळेच आठवड्यापूर्वी दोघांनी मेंढ्या हाकत रायसेनच्या दिशेला नेल्या होत्या. तिकडं एकानं जागा देतो म्हटलं होतं. दिवसभर उन्हात चालवलं, तिथं पोचल्यावर त्यानं हात वर केले, आणि दुसऱ्या दिवशी तेवढंच अंतर परत. वाटेत पाणी मिळालं ते एकदाच. कमलिनीचे स्वतःचे तळवे सोलून निघाले होते.

"एवढं चालल्या अन् काही झालं नाही," मनोहर म्हणाला. "अन् घरी आल्यावर मरतात? मला सांगू नको. बद्रीनं केलंय हे."

बद्रीप्रसाद कुशवाहाचं भाजीचं शेत वाडग्याला लागून होतं. मेंढ्या दोनदा त्याच्या कोबीत, भोपाळच्या भाषेत गोभीत, घुसल्या होत्या. दुसऱ्यांदा तो बांधावर येऊन चार माणसांसमोर ओरडला होता, "अब की घुसीं तो दवा डाल दूँगा, फिर मत कहना." त्याच्या पाठीवर फवारणीचा पंप तेव्हाही होता.

"बोलला तो रागात," कमलिनी म्हणाली. "माणूस तसा नाही."

"तुले काय माहीत माणूस कसा आहे?" एरवी हिंदीच्या वळणानं बोलणारा मनोहर रागावला की बापाच्या वऱ्हाडीवर यायचा.

तिसऱ्या मेंढीनं मान टाकली तेव्हा तो उठला आणि तसाच अनवाणी बांधावर गेला. कमलिनी मागून धावली. बद्री गोभीचे गड्डे कापून टोपलीत टाकत होता. त्याची लेक, चौदा-पंधराची, पानं खुडत शेजारी बसली होती.

"काय टाकलंस? बोल, क्या डाला पानी में?"

"कौन-सा पानी? भाईसाब, दिमाग ठिकाने है?"

मनोहरनं त्याच्या कानाखाली मारली. आवाज मोठा झाला नाही, पण बद्रीच्या डोक्यावरचा गमछा खाली पडला. पोरगी उभी राहिली. तिच्या हातातली पानं तशीच हातात होती. बद्रीनं उलट हात उगारला नाही. तो वाकला, गमछा उचलला, झटकला आणि पुन्हा डोक्याला बांधला.

मनोहर तिथून थेट पोलीस चौकीत गेला. शिपाई आले, बद्रीला घेऊन गेले. सकाळपासून संध्याकाळपर्यंत त्याला बाकावर बसवून ठेवलं. सोडलं तेव्हा बाहेर अवधपुरीतले दोघे ठेलेवाले उभे होते, रोज त्याच्याकडून भाजी उचलणारे. दुसऱ्या दिवशी ते आले नाहीत. जहर ठेवणाऱ्याची गोभी कोण खाणार, असं कोणीतरी बोललं आणि ते रस्त्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत गेलं.

डॉक्टर आली पाचव्या मेंढीच्या वेळी. अपर्णा देव तिचं नाव, ग्वाल्हेरकडची, जनावरांच्या दवाखान्यात नवीनच आलेली. मोटरसायकलवरून उतरली, पायात गमबूट चढवले, आणि मेलेली मेंढी सावलीत ओढायला सांगितली.

"पातेलं आणा एक. आणि पाणी."

कमलिनीनं घमेलं धरलं. सुरी छातीपासून खाली फिरली. कातडीखालची चरबी पांढरी असते. इथं ती पिवळी होती, पिकल्या पपईसारखी. डॉक्टरनं काळीज, म्हणजे लिव्हर, बाहेर काढलं. तेही पिवळट, आणि बोटानं दाबल्यावर ओल्या ढेकळासारखं फुटलं. मग तिनं मूत्रपिंडं काढून घमेल्यात ठेवली. ती काळीनिळी होती, बंदुकीच्या नळीच्या रंगाची.

डॉक्टरनं उकिडवं बसून ती घमेल्यातल्या पाण्यात धुतली.

"फवारणीचं औषध नाही हे," ती म्हणाली. "त्यानं असं होत नाही. हे तांबं आहे."

"तांबं?" मनोहर म्हणाला. "भांड्याचं तांबं?"

"तेच. अंगात थोडं लागतंच सगळ्यांना. गायीम्हशीला जास्त झालं तर पित्तातून बरंचसं बाहेर टाकता येतं. मेंढीला ते जमत नाही. तिच्या पोटात जे जातं ते लिव्हरमध्ये साठत राहतं. महिनोन्‌महिने. वरून काही दिसत नाही, खाते, पिते, विते. मग एखाद्या दिवशी दगदग होते. लांब चालवलं, उपाशी ठेवलं, की साठलेलं सगळं एकदम रक्तात उतरतं. रक्त फुटतं. ते लघवीत दिसतं तुम्हाला." तिनं वर पाहिलं. "चारता काय यांना? म्हशीची पेंड? मिनरल मिक्श्चर? मोरचूद वगैरे, तांब्याचं काही?"

"डेअरीवरून उरलेली पेंड आणतो कधीमधी. मोरचूद काहून देऊ?" मनोहर म्हणाला.

कमलिनीच्या हातातलं घमेलं कलंडलं. पाणी तिच्या पायावर सांडलं. ते तिनं पुसलं नाही.

मागच्या वर्षी चौदा कोकरं झाली. त्यातली अकरा उभीच राहू शकली नाहीत. मागचे पाय ओढत आईच्या आचळापर्यंत सरकायची आणि तिथंच कलंडायची. तिनं त्यांना मांडीवर घेऊन बाटलीनं दूध पाजलं, पोत्याचे पट्टे पोटाखाली घालून उभं करून पाहिलं. एकेक करून सगळी गेली. दवाखान्यातल्या कंपाउंडरनं तेव्हा सांगितलं होतं, तांब्याची कमी आहे. मेंढी गाभण असताना दोनदा द्या, डॉक्टरला विचारून, मोजून. दोनदा आणि मोजून हे शब्द तिनं ऐकले होते. पण अकरा कोकरं तिनं स्वतः खड्ड्यात ठेवली होती. आषाढात तिनं अशोका गार्डनातल्या एका दुकानातून मोरचुदाचे निळे खडे आणले, बत्त्यानं कुटले, आणि दर सोमवारी गुळाच्या पाण्यात चिमूट चिमूट कालवून एकेकीच्या घशात ओतलं. मनोहरला सांगितलं नाही. तो म्हणाला असता, डॉक्टरनं कधी सांगितलं. पौषात कोकरं झाली ती टणाटण उड्या मारणारी. एकाचाही पाय लुळा नव्हता. म्हणून तिनं द्यायचं थांबवलं नाही. उलट चिमूट थोडी मोठी केली.

डॉक्टर काळजाचा तुकडा डबीत भरून निघाली. कमलिनी तिच्या मागे मोटरसायकलपर्यंत गेली.

"बाई," ती म्हणाली, "मोरचूद म्या दिला."

डॉक्टरनं किक मारायला उचललेला पाय खाली ठेवला. "किती?"

"चिमूटभर. दर सोमवारी."

"कधीपासून?"

"आषाढापासून. मागच्या साली अकरा कोकरं लुळी होऊन गेली माझी. कंपाउंडर म्हणला, तांब्याची कमी आहे."

डॉक्टरनं गाडी परत स्टँडवर लावली. "मागच्या वर्षी तुमच्या कोकरांना कमीच पडलं होतं," ती म्हणाली. "ते काही खोटं नाही."

"मंग?"

"मग दोनदा पुरलं असतं." तिनं कागदावर दोन औषधांची नावं लिहिली. "या पावडरी मेडिकलमध्ये मिळायच्या नाहीत, केमिकलच्या दुकानात मिळतील. रोज पाजायच्या, तीन आठवडे. साठलेलं तांबं हळूहळू बाहेर काढतात. सगळ्या वाचतील असं मी म्हणत नाही. आणि एक ऐका. यांना आता हलवायचं नाही. लांब नेलं, घाबरवलं, उपाशी ठेवलं, की आज चांगली दिसणारी उद्या आडवी होईल. आणि मेलेली कोणाला खायला देऊ नका, कुत्र्यालासुद्धा नाही."

"सोमवारी इथं मशीन येणार आहे, बाई."

"मग जवळात जवळ कुठे सावली असेल तिथे न्या. पन्नास पावलं. त्याहून जास्त नको."

पन्नास पावलांवर सावलीची एकच जागा होती. बद्रीची टिनाची शेड. कांदे संपल्यापासून ती रिकामी होती.

घरात मनोहर भाकरी कुस्करत बसला होता. तिनं उभ्या उभ्याच सांगितलं. त्याचा हात थाळीतच राहिला.

"कोणाला बोललीस?"

"डॉक्टरीणबाईले."

"अजून?"

"नाही."

"मग इथंच थांबव," तो खालच्या आवाजात म्हणाला. "मी चौकीत लिहून दिलंय. बद्रीवर हात उचललाय. आता जाऊन काय सांगू, माझ्या बायकोनं मारल्या म्हणून? सोच जरा. मेंढ्या तर गेल्याच. इज्जत पण घालवायची?"

"त्याचा माल सडून राहिला शेतात."

"त्याचं तो बघेल."

"शेड त्याची आहे."

मनोहर उठला. थाळी तशीच सरकवून तो बाहेर गेला आणि उरलेली तार गुंडाळत बसला. ती तार आता कशालाच लागणार नव्हती.

त्याच दुपारी कमलिनी बांध ओलांडून गेली. बद्रीची बायको गेंदाबाई दारात गड्डे निवडत होती. काळे डाग पडलेले बाजूला, बरे दुसऱ्या बाजूला. डागाळलेल्यांचा ढीग मोठा होता. बद्री आत खाटेवर पडला होता, तोंड भिंतीकडे. पोरगी कमलिनीला बघून आत गेली आणि दार ओढून घेतलं.

कमलिनीला हिंदी समजायची सगळी, बोलताना मात्र मराठी मध्ये घुसायची. वाटेत तिनं वाक्यं जुळवली होती. ती सगळी विसरली, मोरचुदाचा हिंदी शब्द तेवढा राहिला.

"भाभी, हमारी भेडी को तुमारे आदमी ने कुछ नहीं दिया. मैंने दिया. नीला थोथा. दवाई समझ के."

गेंदाबाईचे हात थांबले.

"कब पता चला?"

"आज सकाळी. सबेरे."

"और अब बता रही हो जब सोमवार को मशीन आ रही है." गेंदाबाईला सगळं माहीत होतं. "शेड चाहिए ना?"

खोटं बोलून भागणार नव्हतं. "हाँ," कमलिनी म्हणाली. "शेड चाहिए. पर शेड नहीं दी तो भी ये बात सच है."

आतून खाट करकरली. बद्री उठून बसला असावा. बाहेर आला नाही.

गेंदाबाईनं आणखी एक गड्डा डागाळलेल्यांत टाकला. मग म्हणाली, "मेरे सामने बोलने से क्या होगा? मैं तो जानती ही थी इन्होंने नहीं किया. जिन्होंने माल उठाना छोड़ा है, उनके सामने बोलो. कल हाट है."

अवधपुरीचा हाट रस्त्याच्या कडेला भरायचा. दुसऱ्या दिवशी चार वाजता कमलिनी गेंदाबाईबरोबर गेली. दोघी एका ऑटोत बसल्या, मध्ये गोभीची टोपली. गेंदाबाईनं पोतं अंथरलं, गड्डे मांडले. गिऱ्हाईकं शेजारच्या पोत्यापाशी थांबत, इकडं बघत आणि पुढं जात. ते दोन ठेलेवाले समोरच उभे होते, एक मिरच्या तोलत होता.

कमलिनी त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिली. डोक्यावरचा पदर तिनं दातात धरला होता. बोलायचं तर तो सोडावा लागला.

"सुनो भैया. बद्रीभाई का माल चांगला है. अच्छा है. उन्होंने जहर नहीं डाला. मैंने डाला, अपने हाथ से, अपनी भेडी को. मेरी गलती है."

"क्या बोल रही है ये?" कोणीतरी विचारलं.

"जोर से बोलो, अम्मा, सुनाई नहीं दे रहा," मिरचीवाला म्हणाला. त्याला ऐकू आलं होतं.

तिनं पुन्हा सांगितलं, मोठ्यानं. मग बाजूच्या बायकांना सांगितलं, त्या विचारत होत्या म्हणून. नीला थोथा म्हणजे काय, किती दिला, कशाला दिला. एक म्हातारी म्हणाली, अगं वेडे, तो तर झाडावर मारतात. कोणी हसलं. एका पोरानं मोबाईल तिच्याकडे धरला. कमलिनी पाचव्यांदा सांगत होती तेव्हा तिचा आवाज बसला आणि नाक वाहायला लागलं. तरी गेंदाबाई तिला बस म्हणाली नाही. मिरचीवाल्यानं शेवटी येऊन दोन गड्डे हातात घेऊन उलटेपालटे केले, ठेवले, आणि "कल देखते हैं" म्हणाला.

परत येताना गेंदाबाई एवढंच बोलली, "शेड में नाली साफ कर लेना. पानी भरता है."

रविवारी सकाळी कमलिनीनं एकटीनं मेंढ्या हलवल्या. हाकलल्या नाहीत, पुढं पाल्याची पेंढी धरून एकेक पाऊल नेल्या. पन्नास पावलांना तिला दोन तास लागले. एक वाटेतच बसली ती उठली नाही. तिला चादरीवर घेऊन ओढावं लागलं. ती संध्याकाळी गेली. सोमवारी जेसीबी आला. वाडग्याचे कुड अर्ध्या तासात भुईसपाट झाले. आवाजानं मेंढ्या शेडच्या कोपऱ्यात एकमेकींवर चढल्या, आणि कमलिनी त्यांच्यासमोर हात पसरून उभी राहिली, जणू आवाज अंगावर झेलता येईल.

कमलिनीची मुलगी शर्वरी साकेत नगरच्या हॉस्पिटलात वॉर्डात कामाला होती. ड्यूटी संपवून तिनं चार दुकानं पालथी घातली आणि पावडरी आणल्या. आणून आईच्या हातात दिल्या, आणि म्हणाली, "आई, मला विचारायचं ना गं. एकदा तरी." कमलिनीनं पुडी सोडली आणि माप शोधायला लागली.

पाजायचं काम दोन माणसांचं. एकानं मेंढी गुडघ्यांत धरायची, जबडा वर करायचा. दुसऱ्यानं गालाच्या कोपऱ्यातून थोडं थोडं सोडायचं, नाहीतर ठसका लागून फुफ्फुसात जातं. कमलिनी दोन्ही एकटीच करत होती. तिच्या मांड्यांवर खुरांचे निळे वळ उठले. पहिले दोन दिवस मनोहर आलाच नाही. तिसऱ्या दिवशी तो शेडच्या दारात येऊन उभा राहिला. आत आला, एक मेंढी गुडघ्यांत धरली आणि तिचा जबडा उघडला. कमलिनीकडे बघितलं नाही.

"लिहिलंय किती?" त्यानं विचारलं.

तिनं कागद त्याच्या पुढं केला. त्यानं आकडा वाचला. तिनं मापातलं पाणी डोळ्यांसमोर धरून रेघेशी जुळवलं, थोडं जास्त झालं होतं ते परत ओतलं, आणि पुन्हा धरून बघितलं.

त्या आठवड्यात आणखी सात गेल्या. खड्डे मनोहरनं खणले, खोल, कुत्री उकरणार नाहीत असे. पुढच्या आठवड्यात दोन. नंतर थांबलं. एकोणीस उरल्या. त्यातल्या चारपाच अजून चाऱ्याला तोंड लावताना दमायच्या, आणि डॉक्टर म्हणाली, या आता पूर्वीसारख्या होतील असं धरू नका.

चौकीतला कागद मनोहरनं परत घेतला. त्यासाठी त्याला दोनदा जावं लागलं, आणि तिथल्या शिपायानं त्याला, बद्रीला बसवलं होतं त्याच बाकावर बसवून ठेवलं. घरी येऊन त्यानं ते सांगितलं नाही. कमलिनीला गेंदाबाईकडून कळलं.

ठेलेवाले हळूहळू यायला लागले होते. तिसऱ्या आठवड्यातल्या एका सकाळी बद्रीच्या बांधाशी टेम्पो उभा होता, शेवटची गोभी जायची होती. बद्री आणि त्याची लेक गड्डे कापून टोपल्या भरत होते. कमलिनी शेडमध्ये एका मेंढीला पाजत होती. तिनं पाहिलं, मनोहर बांध ओलांडून गेला. त्यानं भरलेली टोपली उचलली, डोक्यावर घेतली आणि टेम्पोत नेऊन ठेवली. परत आला, दुसरी उचलली. बद्री कापत राहिला. त्यानं ना थांबवलं, ना हातभार लावला. पोरगी बापाकडे बघत होती.

सातवी टोपली डोक्यावर होती तेव्हा बद्री उभा राहिला. विळा त्यानं कमरेला खोचला.

"भाईसाब," तो म्हणाला. आवाज चढलेला नव्हता. "आपने मुझे मेरी बिटिया के सामने मारा था. वो उस दिन से मेरे साथ हाट नहीं जाती. ये टोकरियों से नहीं उतरेगा."

मनोहर जागच्या जागी थांबला. ओल्या गोभीचं पाणी टोपलीतून गळून त्याच्या कपाळावरून डोळ्यात उतरत होतं. दोन्ही हात वर गुंतलेले, पुसता येईना. पोरगी तिथंच उभी होती. त्यानं तिच्याकडे बघायचा प्रयत्न केला, आणि मग खाली बघितलं.

शेडमध्ये कमलिनीनं मेंढीचा जबडा हातात तसाच धरून ठेवला होता.

टेम्पोवाल्यानं हॉर्न दिला. मनोहर वळला, टोपली नेऊन टेम्पोत ठेवली, आणि आठवी उचलायला परत आला.